परसातली पालेभाजी : पेरावी केव्हा, काढावी केव्हा



पालेभाजीवर कार्यक्रम झाला की आमच्याकडे येणारी पत्रे बहुधा एकाच नमुन्याची असतात. "साहेब, धणे टाकले पण कोथिंबीर उगवलीच नाही." "मेथी सगळी एकदम आली आणि एकदम संपली." "पालकाला महिन्यातच दांडा फुटला, बियाणे खोटे निघाले काय?" बियाणे कधी खोटे निघते, नाही असे नाही. पण बहुतेक वेळा बियाणे खरे असते आणि वेळ चुकलेली असते. पालेभाजी हे महिना-दीड महिन्याचे पीक. ज्वारी पंधरा दिवस मागे-पुढे झाली तरी काहीतरी पदरात पडते. पालेभाजीत पंधरा दिवस म्हणजे तिचे अर्धे आयुष्य. म्हणून या पत्रकात खते-औषधे थोडी बाजूला ठेवून पेरायचा दिवस आणि काढायचा दिवस या दोनच गोष्टींकडे जास्त लक्ष देऊ.

हा विषय किरकोळ वाटेल. दहा रुपयांची जुडी, तिच्यासाठी एवढे कशाला? तर बघा, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांच्या आतल्या लहान मुलांत तर हे प्रमाण शंभरात सुमारे ६९ होते. पालेभाजीने हा प्रश्न एकट्याने सुटत नाही. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या थांबवू नयेत. पण ज्या घरात हिरवा पाला आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशीच शिजतो, त्या घरात तो एक दिवसाआड शिजू लागला तर फरक पडतो. आणि बाजारात भाव कडाडतात ते नेमके उन्हाळ्यात, जेव्हा हाताला कामही कमी असते. परसात वाफा असून तो तेव्हाच रिकामा पडलेला असतो, हे आपले खरे दुखणे आहे.

एकदम पेरू नका, हप्त्याने पेरा

मी स्वतः एकदा दसऱ्याच्या सुट्टीत सहा हात वाफ्यात मेथीची अख्खी पुडी एका दिवसात टाकून मोकळा झालो होतो. भाजी उत्तम आली. पहिल्या आठवड्यात आम्ही खाल्ली, दुसऱ्या आठवड्यात शेजारीपाजारी वाटली, तिसऱ्या आठवड्यात शेजारी दार लावून घेऊ लागले. उरलेली फुलावर गेली, कडवट झाली आणि शेवटी म्हशीपुढे टाकली. त्यानंतर दीड महिना घरात बाजारची भाजी! कृषीची पदवी घेतलेल्या माणसाने हे केले, तेव्हा तुम्ही केले असेल तर लाजू नका.

याला उपाय सोपा आहे. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असा एक वाफा घ्या. लांबीच्या बाजूने त्याचे चार पट्टे पाडा, मध्ये काटकी रोवून खूण करा. पहिल्या आठवड्यात पहिला पट्टा पेरा, आठ दिवसांनी दुसरा, पुढे तिसरा, मग चौथा. थंडीच्या दिवसांत मेथी साधारण महिन्याने काढायला येते. म्हणजे चौथा पट्टा पेरून आठवडा होतो न होतो तोच पहिला तयार. तो काढा, माती हलवा, मूठ-दोन मुठी कुजलेले शेणखत मिसळा आणि पुन्हा पेरा. एका पट्ट्यातून किलोच्या आसपास मेथी निघते. पाच-सहा माणसांच्या घराला आठवड्यातून दोनदा पुरते. असे दोन वाफे असले, एक मेथीचा आणि एक पालक-शेपूचा, तर घरात आलटून-पालटून भाजी चालू राहते.

बी किती, असे विचाराल. एका पट्ट्याला मेथीचे किंवा पालकाचे बी चहाचा एक चमचा शिगोशीग भरून पुरे. धणे चार-पाच चमचे. राजगिरा आणि माठाचे बी फारच बारीक, चिमूटभर घ्यायचे आणि ओंजळभर कोरड्या वाळूत मिसळून टाकायचे. नाहीतर एका जागी झुपका आणि दुसऱ्या जागी टक्कल. दाट पेरले म्हणून भाजी जास्त मिळत नाही, देठ मात्र पिवळे आणि लुळे होतात.

कोणती भाजी कोणत्या हवेची

आपल्याकडच्या पालेभाज्यांचे ढोबळ दोन कळप आहेत. मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चाकवत, चंदनबटवा, चुका ही मंडळी थंडी मानवणारी. राजगिरा, माठ, तांदुळजा, मायाळू, घोळ, अंबाडी, अळू ही उष्णता किंवा पाऊस मानवणारी. ज्याला थंडी लागते त्याला वैशाखात पेरायचे आणि मग उगवले नाही म्हणून दुकानदाराशी भांडायचे, यात अर्थ नाही.

थंडीच्या भाज्यांचा मोसम हस्ताचा पाऊस उघडला की सुरू होतो, म्हणजे सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर. तेव्हापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत दर आठवड्याला एक पट्टा पेरत राहावे. या काळात मेथी तीन-चार दिवसांत उगवते. पालकाचे बी टणक असते, रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. पालकाचे एक बी म्हणजे खरे तर दोन-तीन बियांचा गड्डा असतो, त्यातून दोन-तीन रोपे वर येतात. ती विरळ करा आणि उपटलेली कोवळी रोपे आमटीत घाला. 'ऑल ग्रीन' आणि 'पुसा ज्योती' हे पालकाचे वाण परसाला चांगले. पुन्हा पुन्हा कापता येतात. मेथीत 'पुसा अर्ली बंचिंग' लवकर येते. कसुरी मेथीची चाल सावकाश, पण तिचे तीन-चार तोडे मिळतात. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पेरावी, नंतर पेरली तर वाढ खुंटते.

शेपू आणि कोथिंबीर उगवायला सावकाश. शेपूला आठ-दहा दिवस लागतात, कोथिंबिरीला दहा-बारा. चौथ्या दिवशी माती उकरून बघणारे पुष्कळ भेटतात. तसे करू नका. धणे अखंड पेरू नयेत. चपलेखाली किंवा लाकडी ठोकळ्याने हलके रगडून त्यांच्या दोन डाळ्या कराव्यात, चुरा होऊ देऊ नये. मग बारा तास पाण्यात भिजवून, सावलीत निथळून पेरावेत. घरातल्या डब्यातले धणे चालतात, फक्त जुने आणि किडके नकोत.

फेब्रुवारी सरला, दिवस मोठा झाला, ऊन चढले की पालक, कोथिंबीर, शेपू यांना पाने वाढवायची इच्छाच राहत नाही. झाडाला कळते की आता कठीण दिवस आले, बी धरून मोकळे व्हावे. म्हणून दांडा वर येतो. पाणी-खत वाढवून तो थांबत नाही. दांडा दिसला की ती भाजी काढून घ्यावी आणि वाफा दुसऱ्या कळपाच्या हवाली करावा.

अंबाडीचे याच्या बरोबर उलटे. तिला दिवस लहान होऊ लागला की फुले येतात. म्हणून मृग-आर्द्रात, जूनमध्ये पेरलेली अंबाडी ऑक्टोबरपर्यंत पाला देते. तीच सप्टेंबरमध्ये पेरली तर वीतभर वाढून फुलावर जाते. दोन-चार झाडे बांधाला, कपाशीच्या कडेला लावली तरी घराला पुरतात.

पावसाळ्यात सपाट वाफा नको. वीतभर उंच गादीवाफा करा, कडेने चर काढा. पाणी साचले की मेथीची आणि कोथिंबिरीची रोपे मानेशी कुजतात, एका रात्रीत आडवी होतात. या दिवसांत माठ, राजगिरा, अंबाडी, मायाळू आणि मोरीच्या पाण्यावर अळू, एवढे धरले तरी पुरे. अळूचे कंद रोहिणीत, पाऊस पडण्याच्या आधी लावावेत.

गौरीला ज्या घरी शेपूच्या भाजीचा आणि भाकरीचा नैवेद्य असतो, त्यांनी तारीख उलटी मोजावी. शेपूला पेरल्यापासून सहा आठवडे धरा. गौरी येण्याच्या आधी सहा आठवडे म्हणजे दिव्याच्या अवसेच्या आदल्या आठवड्यात गादीवाफ्यावर पेरणी व्हायला हवी. मध्ये अधिक महिना आला तर तेवढे दिवस पुढे सरकवा. नागपंचमीला आठवण होते त्यांना बाजाराचीच वाट धरावी लागते, आणि त्या आठवड्यात शेपूचा भाव काय असतो हे मी सांगायला नको.

शेतातूनही पाला घरात येतो हे विसरू नका. करडई उगवून पंधरा-वीस दिवसांनी विरळणी करतो ती रोपे म्हणजे उत्तम भाजी. हरभरा वीतभर झाला की शेंडे खुडावेत. भाजीही होते आणि झाडाला फांद्या जास्त फुटतात. फूल दिसले की खुडणे बंद. मात्र ज्या शेतात नुकतीच औषधाची फवारणी झाली आहे तिथला पाला खुडू नये, मग ते शेत आपले असो की भावकीचे.

शिमगा ते मृग : खरी अडचण इथे

आता मुख्य गोष्ट. होळी झाली की परसातला वाफा उजाड होतो आणि मृगापर्यंत तसाच राहतो. हे सुमारे तीन महिने भरून काढायला फार पाणी लागत नाही, भाजी तेवढी बरोबर निवडावी लागते.

तांदुळजा, माठ आणि राजगिरा फेब्रुवारीच्या मध्यापासून पेरायला सुरुवात करा आणि दर पंधरा दिवसांनी एक पट्टा टाकत जा. गरम मातीत यांचे बी तीन-चार दिवसांत वर येते आणि पंचवीस-तीस दिवसांत पहिली कापणी मिळते. तांदुळजा उपटू नका. जमिनीपासून चार बोटे ठेवून कापा. बगलेतून नवे फुटवे येतात आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा भाजी. घोळ तर न पेरता उगवते, ती तण म्हणून फेकू नका.

पाणी संध्याकाळी द्या, ऊन उतरल्यावर. पेरणीनंतर वाफ्यावर ओले गोणपाट अंथरावे आणि त्यावरच पाणी शिंपडावे. माती थंड राहते, बी वाहून जात नाही, मुंग्याही कमी नेतात. मात्र रोज सकाळी गोणपाटाची कड उचलून बघा. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तर रोपे पांढरी, लांबुडकी होऊन गोणपाटात गुंततात आणि ते उचलताना मुळासकट निघतात.

उन्हाळ्यात कोथिंबीर हवीच असेल तर दोडक्याच्या किंवा कारल्याच्या मांडवाखाली, आंब्याच्या विरळ सावलीत किंवा घराच्या पूर्वेच्या भिंतीशी, जिथे दुपारनंतर सावली येते, अशा जागी एक छोटा पट्टा करावा. तिथेही ती हातभर वाढणार नाही. चार-पाच पाने आली की कापून घ्यावी, वाट बघू नये.

मायाळूचा वेल आणि शेवग्याचे झाड ही दोन माणसे घरात कायमची राहायला आलेली बरी. दोन्ही पावसाळ्याच्या तोंडाला लावावीत. मायाळूची वीतभर लांबीची काडी लावली तरी जगते, आणि न्हाणीच्या आसपास तिला उन्हाळाभर ओल मिळते. शेवग्याच्या शेंगा संपल्या की फांद्या छाटाव्यात, नवा कोवळा पाला फुटतो. या पाल्याची भाजी आपल्याकडे काही भागांत आवडीने खातात, काही भागांत हातही लावत नाहीत. ज्यांनी लावला नाही त्यांनी मुगाच्या डाळीबरोबर एकदा करून बघावी.

सासुरवाडीच्या गावी मी एक जुनी रीत पाहिली. जानेवारीत मेथी उदंड असते तेव्हा ती धुऊन, पाणी निथळून, घरात सावलीला चादरीवर पसरून वाळवतात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरतात. उन्हात वाळवली तर रंग आणि सत्त्व दोन्ही जाते. एप्रिलमध्ये भाकरीच्या पिठात ती मूठभर चुरून घातली की मुले मागून खातात.

काढणी : कोवळेपणी, पण गाभा राखून

बहुतेकांची चूक उशिरा काढण्याची असते. "अजून थोडी वाढू दे" असे म्हणता म्हणता देठ जून होतो आणि अर्धी भाजी निवडताना फेकली जाते. मेथी वीतभराच्या आतच काढावी, साधारण २५ ते ३५ दिवसांत. शेपू आणि कोथिंबीर ३५ ते ४५ दिवसांत. थंडी जास्त असेल तर चार-सहा दिवस पुढे, ऊन असेल तर तेवढेच अलीकडे. दिवसांपेक्षा देठाकडे बघा : नखाने सहज तुटला तर वेळ झाली, दोरा निघाला तर वेळ गेली.

पालकाची पहिली कापणी पाच-सहा आठवड्यांनी करा आणि नंतर दर पंधरा-वीस दिवसांनी. कापताना धारदार विळा घ्या, दोन-तीन बोटे वर धरा. मधला कोवळा गाभा कापला गेला तर ते झाड पुन्हा फुटत नाही. घरापुरती हवी असेल तेव्हा बाहेरची मोठी पाने तेवढी खुडणे उत्तम. अळूचेही तसेच, बाहेरची पाने घ्या, आतली दोन-तीन राहू द्या. मेथी आपण उपटतो, पण दोन बोटे ठेवून कापली तर आणखी एक हलका तोडा मिळतो. अंबाडीचे शेंडे महिन्या-सव्वा महिन्याने खुडले की बाजूने फुटवे सुटतात.

काढणी सकाळी लवकर करावी, तेव्हा पाने पाण्याने भरलेली असतात आणि संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतात. दुपारची काढलेली भाजी तासाभरात मान टाकते. आदल्या दिवशी हलके पाणी दिले असेल तर उपटताना मुळाला माती कमी लागते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली की सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. ताटात लिंबाची फोड किंवा एखादा आवळा असला तर पाल्यातले लोह अंगाला जास्त लागते. भाजीनंतर लगेच चहा घेतला तर कमी लागते.

काही सावधगिरी

पालेभाजीत फवारलेले औषध पानावरच असते आणि आपण पानच खातो. म्हणून परसात विषारी औषध नकोच. मावा दिसला तर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा. पुन्हा आला तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे एका लिटर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, गाळून फवारावा. थंडीच्या शेवटी मेथी-कोथिंबिरीवर पांढरी भुरी दिसू लागली तर उपाय शोधत बसण्यापेक्षा भाजी काढून घेणे शहाणपणाचे. शेतात तणनाशक मारलेला पंप धुऊनसुद्धा वाफ्यावर वापरू नका. तळाशी राहिलेल्या थेंबांनी अख्खा वाफा जळतो.

दुकानातून आणलेल्या बियाण्याच्या पाकिटात लाल-गुलाबी रंगाचे बी दिसले तर त्याला औषध लावलेले आहे. ते स्वयंपाकघरात ठेवू नये, उरले म्हणून मेथीदाणे फोडणीत घालू नयेत, मुलांच्या हाती देऊ नये.

न्हाणीचे पाणी अळूला, केळीला, मायाळूच्या बुडाला चालते. कोथिंबिरीला नको, कारण ती आपण कच्ची खातो. ताजे शेण किंवा शेणकाल्याचे पाणीही उभ्या भाजीच्या पानांवर शिंपडू नये. पालकाच्या प्रत्येक कापणीनंतर खत द्यायचे तर वरच्या मापाच्या अख्ख्या वाफ्याला २५-३० ग्रॅम युरिया पुरे. तो पाण्यात विरघळून मुळाशी द्यावा, पानांवर पडू देऊ नये.

आणि कोंबड्या. किडीपेक्षा, रोगापेक्षा परसातल्या भाजीचे जास्त नुकसान त्या करतात. पेरल्या दिवसापासून बोराटीच्या फांद्या कडेने लावा किंवा जुनी जाळी बांधा. उद्या लावू म्हणाल तर उद्या पट्टा उकरलेला सापडेल.

बी घरचे ठेवा

फेब्रुवारीत शेवटचा पट्टा काढताना कडेची चार-पाच चांगली झाडे तशीच राहू द्या. उशिरा फुलावर येणारी झाडे निवडा. सगळ्यांच्या आधी ज्याला दांडा फुटला त्याचे बी धरले तर पुढच्या साली सगळा वाफा तसाच लवकर फुलेल. मेथीच्या शेंगा पिवळ्या पडल्या, धणे तपकिरी झाले की सकाळच्या दवात झाडे कापा, म्हणजे बी गळत नाही. सावलीत वाळवून, झोडपून, चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून बाटलीत भरा आणि बाटलीवर भाजीचे नाव व साल लिहून ठेवा. हस्ताचा पाऊस उघडला की त्यातले चमचाभर बी ओल्या फडक्यात बांधून बघा. शंभरातले सत्तर-ऐंशी मोडावले तर नेहमीच्या मापाने पेरा. निम्मेच मोडावले तर माप दुप्पट करा.